बंदुकीच्या जखमेवर स्वतंत्र मत: नागपुरातल्या एका सेवेचा अनुभव

नागपुरात न्यायवैद्यकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मेडिकल कॉलेजातली नोकरी संपली, आता घराच्या खालच्या खोलीत बसून ते कागदांवरून मत देतात. पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, पंचनामे, फोटो, प्रयोगशाळेचा अहवाल असं सगळं त्यांच्यापुढे ठेवायचं आणि विचारायचं: ही जखम माणसाने स्वतः करून घेतली, अपघाताने झाली, की दुसऱ्या कुणी केली? त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तसं त्यांनी आधीच बजावून ठेवलं आहे. वकिलामार्फत आलेलंच काम ते घेतात. पण अशी सेवा असते, तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्या घरात परवान्याची भरमार, म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक, आहे त्या प्रत्येक घराने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

माझं सेवा केंद्र आहे, ब्रह्मपुरीच्या बाजूला एका बाजाराच्या गावात. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, हे माझं रोजचं काम. माझे भाऊजी धानाचे शेतकरी. त्यांच्या वडिलांची भरमार पुढे भाऊजींच्या नावावर झाली. पीक राखणीसाठी अशा तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, हे आमच्याकडच्या परवानेवाल्यांच्या अंगवळणी पडलं आहे. धान निसवलं की रानडुकरं उतरतात, मग भाऊजी रोज रात्री जागलीला जायचे. गेल्या हंगामात एका सकाळी ते मचाणीच्या शिडीखाली पडलेले सापडले. छातीला उजव्या बाजूने, काखेच्या थोडं खाली जखम. बंदूक दोन हात अंतरावर पडलेली.

पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. बंदूक स्वतःची, बार जवळून लागलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं. या तीन गोष्टी एकत्र मांडून कागदावर आत्महत्येचा संशय आला. विदर्भात शेतकरी वावरात मेलेला दिसला की पहिला विचार तोच येतो, आणि गावालाही दुसरा विचार सुचत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, पण आत्महत्या तिच्यात बसत नाही. ताईची फाईल परत आली. गावातले जाणते म्हणाले, मग आत्महत्येच्या मदतीत टाका, १ लाख तरी पदरात पडतील. ताई म्हणाली, "मले लाख नको. त्यायनं जीव देला का नाही देला, थे मले कोणीतरी तपासून सांगा."

आमच्या वकील मॅडमनी नागपूरच्या सरांचा पत्ता काढला तो या वाक्यासाठी.

सरांची पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे त्यांनी आमची कहाणी आधी ऐकलीच नाही. भाऊजी कसे होते, घरात काय चाललं होतं, हे मी सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, "भाऊ, ते शेवटी. आधी जखम वाचू द्या." कर्ज, भांडण, उदासी हे सगळं आधी कानावर पडलं की डोळा तेच शोधायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांकडे नेमकं तेच उलट्या क्रमाने झालं होतं.

पीएम ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने केलं होतं. एक्स-रे नाही, जखमेचे जवळून फोटो नाहीत, हातांवरचे नमुने नाहीत. सरांनी हे तिन्ही मुद्दे मतात स्पष्ट नोंदवले. पण त्या डॉक्टरने तीन ओळी मोलाच्या लिहून ठेवल्या होत्या, आणि सर त्या ओळींवर पुन्हा पुन्हा येत राहिले. भोक एकच आहे, कडा दातेरी आहेत, भोवती सुट्या छर्र्यांची भोकं नाहीत. भोवतालच्या कातडीवर काळेपणा आणि बारीक ठिपके आहेत. जखमेची दिशा खालून वर, मागे, खांद्याच्या पात्याकडे; आत जळक्या चिंधीचा तुकडा सापडला.

यातून काय निघतं ते त्यांनी मला अर्धा तास समजावलं, आणि जेवढं मला कळलं तेवढं सांगतो. छर्ऱ्याच्या बंदुकीचा बार बाहेर पडतो तेव्हा छर्रे एका गठ्ठ्यात असतात, पुढे जाता जाता पसरतात. अगदी जवळून एकच भोक पडतं, थोडं अंतर वाढलं की त्या भोकाभोवती सुटी भोकं दिसू लागतात, आणखी दूर गेलं की चाळणीसारखा पसारा होतो. बंदुकीच्या दारूचा धूर कातडीवर काजळी धरतो, ती पुसता येते. न जळलेले दारूचे कण मात्र कातडीत रुततात, ते ठिपके धुऊन जात नाहीत. नळी अंगाला टेकवून बार झाला तर काजळी बहुतेक जखमेच्या आतच जाते आणि कधी कधी नळीच्या तोंडाचा ठसा उमटतो. इथे काजळी बाहेर पसरलेली, ठसा नाही. म्हणजे नळी टेकलेली नव्हती, पण फार लांबही नव्हती. आत सापडलेली चिंधी ही भरमारीत दारूवर ठासतात तीच, आणि तीही जवळूनच आत जाते.

मी म्हटलं, मग पोलीस बरोबरच म्हणतात की, जवळून लागली. सर म्हणाले, "जवळून लागली हे बरोबर. जवळून लागली म्हणून स्वतः मारली, हे कुठून आलं?" बंदूक पडून, आपटून, ओढताना उडाली तरी बार जवळूनच लागतो, कारण ती माणसाच्या हातातच असते. जवळचं अंतर दूरवरच्या मारेकऱ्याला वगळतं. आत्महत्या आणि अपघात यांच्यात मात्र ते काहीच निवाडा करत नाही. या एका मुद्द्यासाठी मी फी पुन्हा द्यायला तयार आहे. पंचनाम्यात, गावात, तहसीलमध्ये सगळ्यांनी जी उडी मारली होती ती कुठे मारली, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

निवाडा करायला दुसऱ्या गोष्टी लागतात, आणि त्यासाठी सरांकडे एक लाकडी दांडा आहे. त्यावर खिळा सरकवून बसवता येतो. जप्ती पंचनाम्यात भाऊजींच्या बंदुकीची मापं होती. नळीच्या तोंडापासून चापापर्यंतचं अंतर तीन फुटांच्या वर. सरांनी खिळा तेवढ्यावर बसवला. माझी उंची भाऊजींइतकीच, म्हणून मलाच उभं केलं. दांड्याचं टोक काखेखाली, रिपोर्टात लिहिलेल्या जागेपासून थोडं अलीकडे धरायचं, दिशा खालून वर, मागे. आता खिळ्याला बोट लावा. डाव्या हाताने पाहिलं, उजव्याने पाहिलं, वाकून पाहिलं, बसून पाहिलं. बोट वीतभराहून जास्त लांब राहत होतं. नळी टेकलेली नसल्यामुळे अंतर आणखी वाढतं, हेही त्यांनी लिहून घेतलं. हाताऐवजी दुसऱ्या कशाने चाप ओढल्याची शक्यता त्यांनी सोडली नाही, पण त्यासाठी काही वस्तू तिथे असावी लागते, आणि घटनास्थळ पंचनाम्यात तसलं काही नोंदलेलं नव्हतं. भाऊजींच्या पायात गमबूट होते, म्हणजे पायाच्या अंगठ्याने चाप ओढणंही शक्य नव्हतं; हीसुद्धा त्याच पंचनाम्यातली ओळ. पोलिसांनी लिहिली होती, वापरली नव्हती.

मग सरांनी पुस्तकांच्या कपाटाची शिडी भिंतीला लावली. म्हणाले, चार पायऱ्या चढा आणि खाली ठेवलेला दांडा टोकाला धरून वर ओढा, जसं मचाणीवर चढताना कुणीही ओढेल. मी ओढला. दांड्याचं टोक वर आलं ते सरळ माझ्या उजव्या काखेखाली, दिशा खालून वर. मी तिथेच शिडीवर थांबलो. भाऊजींना कितीदा असंच बंदूक वर घेताना मी पाहिलं होतं. भरमारीचा घोडा टोपीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या केपवर, टेकलेला असला आणि पायरीला आपटला, तर चाप न ओढताही बार उडू शकतो. सरांना माझं तोंड दिसलं असावं. त्यांनी मला खाली उतरवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "हे जुळतं, एवढंच. जुळलं म्हणजे असंच घडलं, असं मी लिहिणार नाही."

आणि त्यांनी खरंच लिहिलं नाही. "ही आत्महत्या नाही" हे वाक्य मला हवं होतं, ताईला दाखवायला हवं होतं. मी मागितलं. अहवालात आलं ते असं: जखमेची जागा, दिशा, अंतर आणि शस्त्राची लांबी पाहता स्वतःच्या हाताने हेतुपूर्वक झाडल्याला आधार देणारी खूण उपलब्ध कागदांत नाही, अपघाताने बार उडाल्याशी निष्कर्ष सुसंगत आहेत, इतर शक्यता पूर्णपणे वगळता येत नाहीत. पहिल्या वाचनाला मला ते फार थंड वाटलं. पण वकील मॅडमनी समजावलं की आपल्या कायद्यात डॉक्टर मृत्यूचं कारण सांगतो, मृत्यू कसा घडवला गेला हे ठरवण्याचं काम तपासाचं. आधी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ आहे. त्याखाली तज्ज्ञाचं मत हे मतच राहतं. ज्या मतात पुराव्यापेक्षा जास्त खात्री असते ते उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत फुटतं. सरांच्या मताला कुणी बोट लावू शकलं नाही ते त्या थंडपणामुळेच.

शर्टाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पीएमनंतर भाऊजींचे कपडे आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीत परत देण्यात आले. ते जप्त व्हायला हवे होते. ताईने शर्ट धुतला नाही, तसाच माळ्यावर ठेवला, पण प्लास्टिकमुळे त्याला बुरशी धरली होती. मी मोठ्या आशेने तो पिशवीसकट नागपूरला नेला. सरांनी पिशवी उघडलीही नाही. म्हणाले, मी याला हात लावला तर उद्या कोर्टात कुणीही म्हणेल की काजळी डॉक्टरच्या घरी लागली. तो परत न्या, ठाण्यात अर्ज द्या, पंचांसमोर जप्त करायला लावा, कागदाच्या पाकिटात सील करा, आणि बंदुकीसोबत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवायची मागणी करा. अर्जाचा मसुदा मॅडमना त्यांनीच सांगितला. त्यात एक ओळ ठळक होती: चाचणीचे बार त्याच बंदुकीतून, शक्यतो जप्त केलेल्या दारू-छर्ऱ्यांनीच घ्यावेत. छर्रे किती मीटरवर किती पसरतात याचे जे ठोकताळे आहेत ते कारखान्याच्या काडतुसांवरचे. भरमारीत दारू चिमटीने टाकतात, छर्रे हाताशी येतील ते, ठासणी ज्याच्या त्याच्या जोराची. तिथे ठोकताळा लावणं म्हणजे अंदाजावर अंदाज.

भरमारीत भरतात त्या काळ्या दारूबद्दल बोलताना ते एकदम चित्रकार व्हॅन गॉगवर गेले. फ्रान्समधल्या ओव्हेर गावी जुलै १८९० मध्ये तो गोळीच्या जखमेने गेला, त्याने स्वतःवर झाडून घेतली असं जग मानत आलं. २०११ मध्ये त्याच्या दोन चरित्रकारांनी शंका काढली, आणि व्हिन्सेंट डी मायो या अमेरिकी न्यायवैद्यक तज्ज्ञाने मत दिलं की त्या काळातल्या काळ्या दारूने त्याच्या तळहातावर भाजल्याच्या खुणा ठेवल्या असत्या, त्या कुणी नोंदवलेल्या नाहीत, म्हणून जखम स्वतः केलेली नसावी. अॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय हे मान्य करत नाही. सर कोणत्याच बाजूचे नव्हते. त्यांचा मुद्दा होता की शे-सव्वाशे वर्षांनीही लोक भांडतात, कारण जखमेचं वर्णन त्या वेळी दोन-चार ओळींत उरकलं गेलं. तेव्हा मला आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या त्या तरुण डॉक्टरबद्दल फार कृतज्ञता वाटली. त्याच्याकडे साधनं नव्हती, पण डोळ्यांना दिसलं ते त्याने लिहिलं.

बार काढल्यावर हातावर राहणाऱ्या दारूच्या अंशांबद्दल मी बरंच ऐकलं होतं, टीव्हीवर तर त्यावरच खटला सुटतो. इथे नमुने घेतलेच नव्हते आणि मी त्यासाठी हळहळत होतो. सरांनी ती हळहळ कमी केली. तो अंश हात धुतला, पुसला, काही तास हालचाल झाली की उतरतो. न सापडणं हा पुरावा नव्हे. आणि भाऊजी रोज संध्याकाळी डुकरं हाकलायला स्वतःच बंदूक भरून एक बार हवेत काढायचे. सापडला असता तरी काय सिद्ध झालं असतं? तरीही मृताच्या हातांना कागदी पिशव्या बांधून नमुने घ्यायला हवेत, हे त्यांनी ठासून सांगितलं. प्लास्टिकच्या नाहीत, घाम धरतो.

आता सेवा म्हणून काही उणं. फी १५ हजार, आमच्यासाठी जड. कोर्टात साक्षीला यायचं तर वेगळी, प्रवासासह, आणि हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतात हे चांगलं. फोन ते उचलत नाहीत, संध्याकाळी एकदा स्वतः करतात. गावात नेटवर्क नसलं की तो फोन चुकतो आणि मग पुढच्या संध्याकाळची वाट. अहवाल इंग्रजीत येतो. ताईला तो वाचून दाखवायला मला बसावं लागलं, आणि असल्या कागदातला प्रत्येक शब्द बाईला तिच्या भाषेत मिळायला हवा असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका पानाचा मराठी सारांश करून पाठवला, सहीनिशी, वेगळे पैसे न घेता. तो सगळ्यांनाच आपोआप मिळायला हवा. प्रयोगशाळेच्या अहवालाला लागणारा वेळ हा त्यांचा दोष नाही, पण त्याशिवाय ते अंतिम मत देत नाहीत, तेव्हा महिनोन् महिने थांबायची तयारी ठेवूनच जावं. आम्हाला पुढचं धान लागलं तेव्हा अहवाल मिळाला.

शर्टावरच्या काजळीचा आणि चाचणी-बारांचा मेळ बसला, अंतर एका हाताच्या आतबाहेर आलं. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे मत जोडून अर्ज दिला. मर्गाच्या अंतिम अहवालात आता अपघाती मृत्यू लिहिलं आहे. फाईल पुन्हा तालुका कृषी कार्यालयात गेली आहे, पैसे अजून यायचे आहेत. ताईने अहवालाचं मराठी पान पोराला वाचायला दिलं. तो नववीत आहे.

हे काम कुणावर येऊ नये. आलंच तर सरांनी सांगितलेल्या आणि मी स्वतः भोगून शिकलेल्या काही गोष्टी घ्या. बंदुकीला पोलिसांआधी कुणी हात लावू देऊ नका, "लेकरांच्या हाती लागेल" म्हणून उचलून ठेवायचा मोह होतो. माणूस जिवंत असेल तर मात्र सगळं सोडून आधी दवाखाना, खुणा गेल्या तरी चालतील. संशयाच्या प्रकरणात रात्री पीएम करा म्हणून रुग्णालयात आरडाओरडा करू नका. २०२१ पासून सूर्यास्तानंतर पीएमची मुभा आली असली तरी खून, आत्महत्या, घातपाताचा संशय असलेली प्रकरणं सहसा तिच्यातून वगळलेली आहेत, आणि जखमेचा रंग दिवसाच्या उजेडातच नीट कळतो. मेडिकल कॉलेजात पीएम व्हावं अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्याला करता येते. ती अंत्यविधीच्या आधी करा, नंतर काही उरत नाही. कपडे परत दिले तर घेऊ नका, जप्तीची मागणी करा.

आणि फोटो. गावातल्या पोरांनी त्या सकाळी मोबाइलवर काढलेले फोटो आमच्या फाईलमधला सर्वात उपयोगी कागद ठरले, कारण बंदूक कुठल्या बाजूला, शिडी कशी, गमबूट कसे हे त्यांतच दिसत होतं. पण व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो सरांनी बाजूला ठेवले. आकार कमी होतो, वेळेची नोंद जाते. ज्याने काढला त्याचा मोबाइल सांभाळून ठेवायला सांगा, मूळ फाईल तपास अधिकाऱ्याला द्या आणि तिचीच प्रत वकिलाकडून तज्ज्ञाकडे जाऊ द्या.